एका रात्रीत लाभणारी प्रसिद्धी : समाजमाध्यमे आणि गावचा माणूस

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावर मांजरसुंबा सोडून दक्षिणेकडे निघाले की बालाघाटच्या पठारावर चौसाळा हे गाव लागते. बीड तालुक्याच्या या टोकाकडील खेड्यापाड्यांची ही बाजारपेठ. २००८ च्या फेररचनेपूर्वी विधानसभेचा एक मतदारसंघ याच गावाच्या नावाने ओळखला जात असे आणि चौसाळ्याचे नाव जिल्ह्याबाहेर जाण्याचे ते एक मोठे निमित्त होते. गावातील एखाद्या माणसाचे नाव बाहेर पोचावयाचे, तर त्यास याहून कितीतरी अधिक सायास पडत. चांगला गळा लाभलेल्या भजनी बुवांची कीर्ती पंचक्रोशीत पसरावयास अर्धे आयुष्य जाई. शाहिरास जत्रेमागून जत्रा कराव्या लागत. आकाशवाणीच्या केंद्रावर गावयाचे म्हटले, की आधी आवाजाच्या चाचणीत उतरावे लागे. निवड करणारा कोणीतरी जाणता माणूस मध्ये उभा असे आणि त्याचा होकार मिळेपर्यंत थांबणे भाग असे.

ही मधली चौकी आता राहिलेली नाही. सप्टेंबर २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि थोड्याच वर्षांत ते वस्त्या-तांड्यांपर्यंत गेले. दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या बिऱ्हाडाबरोबर आता मोबाईलही जातो. फडात कोयता चालत असतानाची, बैलगाडीवर मोळ्या रचतानाची, खोपटासमोर भाकरी थापतानाची अर्ध्या-एक मिनिटाची दृश्ये हेच लोक टिपतात आणि प्रसृत करतात. ज्या श्रमजीवनाचे दर्शन एरवी सर्वेक्षणाच्या अहवालातून किंवा एखाद्या कादंबरीतून घडे, ते त्या श्रमिकांच्या स्वतःच्या हातून जगापुढे येऊ लागले आहे. ही गोष्ट सामान्य नव्हे.

अशा हजारो दृश्यांपैकी एखादेच का पसरते, हा प्रश्न मात्र उरतोच. ‘व्हिडिओ व्हायरल झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा तो साथीच्या रोगासारखा एकाकडून दुसऱ्याकडे गेला, एवढेच आपल्या मनात असते. व्हॉट्सॲपच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांची रीत निराळी आहे. तेथे आलेली चित्रफीत संगणकाची यंत्रणा प्रथम थोड्या लोकांपुढे ठेवते. त्यांनी ती शेवटपर्यंत पाहिली काय, पुन्हा लावली काय, दुसऱ्यास पाठविली काय, की दोन क्षणांत बोटाने वर सरकवून दिली, याची नोंद होते. नोंद अनुकूल दिसली, तर त्याहून मोठ्या समूहापुढे, मग त्याहूनही मोठ्या, अशी ती वाढत जाते. पाहणाऱ्याची नजर किती वेळ खिळून राहिली, हे या यंत्रणेचे मुख्य माप होय. दाखविलेली गोष्ट खरी की खोटी, ती दाखविण्यास त्या माणसाची संमती होती की नव्हती, हे या मापात येत नाही. अनोळखी चेहरा, अकृत्रिम बोली, अपेक्षेबाहेरचे कौशल्य यांवर नजर खिळते, म्हणूनच सराईत नटापेक्षा कधी कधी साधा माणूस अधिक पाहिला जातो. अनेकदा त्या साध्या माणसास आपण पाहिले जात आहोत याचा पत्ताही नसतो.

पुण्यातील शांताबाई पवार यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. डोंबाऱ्याच्या खेळात आयुष्य काढलेल्या या ८५ वर्षांच्या आजी जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे मिळकत आटलेली असताना, नातवंडांच्या पोटासाठी रस्त्यावर दोन्ही हातांनी काठी फिरवीत होत्या. कोणीतरी ते टिपले आणि दोन-चार दिवसांत ते देशभर गेले. तत्कालीन गृहमंत्री त्यांच्या घरी गेले, चित्रपटसृष्टीतून मदत आली आणि त्याच वर्षी गणेशोत्सवाच्या सुमारास मुलींना काठी शिकविण्यासाठी त्यांचा वर्ग सुरू करण्यात आला. त्यांची काठी काही जुलै २०२० मध्ये फिरू लागली नव्हती. ती रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर अनेक दशके फिरत होती. व्हिडिओने आणली ती नजर. त्या नजरेतून वर्ग उभा राहिला तो मात्र माणसांनी मागे लागून उभा केला, म्हणून. पाहणाऱ्यांच्या संख्येने आपोआप काही उभे राहात नाही, असेच अशी अनेक उदाहरणे तपासली असता दिसते.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील लोहारकाम करणाऱ्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जमवून सुमारे साठ हजार रुपयांत एक लहानशी जीप तयार केली. दुचाकीसारखी पायाने किक मारली, की ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत उद्योगपती आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आली. हे वाहन कोणत्याही नियमात बसत नाही आणि आज ना उद्या स्थानिक अधिकारी ते रस्त्यावर चालू देणार नाहीत, हे त्यांनी जाहीरपणे लिहिले. परंतु त्याच वेळी त्या जीपच्या बदल्यात नवी बोलेरो गाडी देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबास ती मिळाली आणि घरची जीप कंपनीने आपल्याकडे ठेवून घेतली. येथे प्रसिद्धी संपण्यापूर्वीच व्यवहार पुरा झाला. वाहन-नियमांची बाजूही कोणी झाकून ठेवली नाही.

याहून संथ, पण अधिक पक्के उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचे आहे. नातवाच्या आग्रहावरून २०२० मध्ये ‘आपली आजी’ ही त्यांची पाककृतींची यूट्यूब वाहिनी सुरू झाली. आजींनी रांधावे व बोलावे, नातवाने चित्रण करावे व तांत्रिक बाजू सांभाळावी, अशी घरातच कामाची वाटणी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वाहिनी परस्पर कोणीतरी बळकावली. नातवाने खटपट केली आणि काही दिवसांत ती परत मिळाली. आजी एकट्या असत्या, तर वाहिनी गेलीच असती, असे मानावयास हरकत नाही. बालाघाटावरील एखादी सुगरण उद्या अशीच पुढे आली, तर तिला पाककृतीइतकीच गरज पासवर्ड सांभाळणाऱ्या भरवशाच्या माणसाची लागेल.

पैशाचा प्रश्न येथे स्वच्छपणे मांडलेला बरा, कारण त्याविषयी गावोगावी मोठे गैरसमज आहेत. लाखो लोकांनी पाहिले म्हणजे लाखो रुपये मिळाले, असे नव्हे. यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळावयाचा, तर वाहिनीचे किमान १,००० सदस्य असावे लागतात आणि शिवाय वर्षभरात ४,००० तास तिचे व्हिडिओ पाहिले गेलेले असावे लागतात, किंवा ९० दिवसांत तिच्या लघुचित्रफिती १ कोटी वेळा पाहिल्या जाव्या लागतात. हा वाटा ज्याच्या नावावर वाहिनी आहे त्यास मिळतो, चित्रात दिसणाऱ्यास नव्हे. बाजारात कोणी गाणाऱ्या आंधळ्या वृद्धाचे चित्रण केले आणि आपल्या वाहिनीवर टाकले, तर उत्पन्न चित्रण करणाऱ्याचे. व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरलेल्या प्रतींपासून तर कोणासच काही मिळत नाही. कायदा कलावंतास अगदीच वाऱ्यावर सोडीत नाही : १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमातील कलम ३८ अन्वये गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतास आपल्या प्रयोगावर ५० वर्षे हक्क असतो. पण तो बजावण्यासाठी तो असल्याचे ठाऊक असावे लागते, आणि शिक्षणाची वाट जेथे अर्ध्यात सुटली आहे तेथे ते ठाऊक असण्याचा संभव कमी. बारामती तालुक्यातील मोढवे येथील सूरज चव्हाण टिकटॉकवरील आपल्या खास लकबीमुळे ओळखला जाऊ लागला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’चा विजेता ठरला, आपल्यास लिहिता-वाचता फारसे येत नाही, हे त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. करारनाम्यावर सही करण्यापूर्वी तो कोणाकडून तरी वाचवून घेणे, हे अशा मुलांच्या बाबतीत गाण्या-नाचण्याच्या तालमीहून कमी महत्त्वाचे नाही.

ज्या माध्यमावर प्रसिद्धी उभी असते ते दुसऱ्याच्या मालकीचे आवार असते, हेही विसरून चालत नाही. २९ जून २०२० रोजी केंद्र शासनाने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. त्या दिवशी लाखो अनुयायी असलेल्या ग्रामीण कलाकारांचे प्रेक्षागृह एकदम मिटले. राष्ट्रीय सुरक्षिततेच्या दृष्टीने तो निर्णय घेतला गेला आणि दोन-तीन महिन्यांतच इन्स्टाग्राम व यूट्यूब यांनी तशीच सोय करून दिली. तथापि अनुयायी बरोबर नेण्याची सोय नव्हती. प्रत्येकास पुन्हा शून्यापासून आरंभ करावा लागला. बीड जिल्ह्यातच धारूर तालुक्यातील भोगलवाडीचे संतोष मुंडे अस्सल गावरान विनोदामुळे टिकटॉकवर राज्यभर ओळखले जात होते. डिसेंबर २०२२ मध्ये विजेचा धक्का लागून त्यांचा मृत्यू झाला. राज्यभर ओळखला जाणारा हा कलावंत अखेरपर्यंत आपल्या गावातच होता.

प्रसिद्धी कधी हातचा धंदाही काढून घेते. २०२५ च्या प्रयागराज कुंभमेळ्यात माळा विकावयास आलेल्या मध्य प्रदेशातील एका मुलीच्या डोळ्यांची चित्रफीत पसरली. माळा राहिल्या बाजूस आणि तिच्याबरोबर छायाचित्र काढणाऱ्यांची झुंबड उडाली. शेवटी मेळा सोडून तिला गावी परतावे लागले. पश्चिम बंगालमधील राणाघाट स्थानकावर गाणाऱ्या राणू मंडल यांना २०१९ मध्ये थेट चित्रपटात गाण्याची संधी मिळाली, आणि त्याच वर्षी, त्याच माध्यमांवर, त्यांच्या चेहऱ्याची व वागण्याची यथेच्छ टवाळीही झाली. डोक्यावर घेणारे आणि पायदळी तुडविणारे हात बहुधा तेच असतात.

शिक्षकांच्या दृष्टीने हा विषय अधिक जवळचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याने शाळेत म्हटलेले ‘चंद्रा’ हे गीत २०२२ मध्ये सर्वत्र गेले. संगीतकार अजय-अतुल यांनी त्यास ‘महाराष्ट्र शाहीर’ (२०२३) या चित्रपटासाठी गाण्याची संधी दिली. शेजारच्या जालना जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेतील एका चिमुरड्याने २६ जानेवारी २०२३ रोजी लोकशाहीवर केलेले खट्याळ भाषण तर घरोघरी ऐकले गेले. मराठवाडी बोलीतले ते भाषण लोकांना इतके भावले, याचे समाधान आहेच. परंतु त्या हसण्यात कौतुक किती आणि ‘गावंढळ पोर कसे बोलते पाहा’ हा भाव किती, याची वाटणी करणे कठीण. शिवाय सात-आठ वर्षांच्या मुलास आपल्या चित्राचे पुढे काय होणार, याची कल्पना असू शकत नाही. तो अठरा वर्षांचा होईल तेव्हाही ती चित्रफीत कोठेतरी असेलच. कविता म्हणताना अडखळलेला, मार खाल्ल्यावर रडणारा, फाटक्या गणवेशातील मुलगा चित्रित करून शाळेच्या गटावर टाकण्यापूर्वी निदान पालकांस विचारावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे.

हीच यंत्रणा निरपराध माणसास गुन्हेगार म्हणूनही घरोघरी पोचवू शकते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भटक्या माणसांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा त्या काळी देशभर फिरत होत्या, आणि त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर पाकिस्तानात मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेल्या जाहिरातीचा मागचा-पुढचा भाग कापून बनविलेली होती. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एकाच वेळी पाचांहून अधिक ठिकाणी संदेश पुढे पाठविण्यावर मर्यादा घातली. भिक्षेकरी, मनोरुग्ण, परप्रांतीय फेरीवाला यांचे चित्रण करून ‘संशयित’ म्हणून गावाच्या गटावर टाकले जाते, तेव्हा पहिला फोन पोलीस पाटलाकडे गेला पाहिजे. चौसाळ्यासारख्या महामार्गावरील गावात अनोळखी माणूस रोजच उतरतो, म्हणून तेथे ही खबरदारी विशेष अगत्याची.

एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाची चित्रफीत त्याच्या परवानगीवाचून पसरविली गेली, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-ई अन्वये तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यास आहे. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर करता येते. वाहिनी मोठी करून देतो, बक्षीस लागले आहे, अशी थाप मारून कोणी पैसे उकळले असतील, तर १९३० या क्रमांकावर लागलीच कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात वळती होण्यापूर्वी ती गोठविता येते, आणि त्यासाठी पहिले काही तासच हाती असतात. तक्रार करताना चित्रफितीचा दुवा, ती दिसल्याची तारीख व वेळ आणि पडद्याचे छायाचित्र जवळ असावे. मूळ संदेश घाईने पुसून टाकला, तर तपासाचा धागा तेथेच तुटतो.