फुकट ते पौष्टिक, व्हाया लायब्ररी

‘मोमा’चं तिकीट ३० डॉलर! न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट हो. मी मनातल्या मनात रुपये केले, आकडा अडीच हजारांच्या वर गेला, आणि मावसबहिणीला म्हटलं, ‘‘ताई, आपण बाहेरूनच फोटो काढू.’’

ताईने पर्समधून कार्ड काढलं. क्रेडिट कार्ड नव्हे, लायब्ररीचं.

फंडा एकदम सोपा आहे. न्यूयॉर्क, ब्रुकलिन आणि क्वीन्स या तिथल्या तीन सार्वजनिक ग्रंथालयांनी मिळून २०१८ मध्ये ‘कल्चर पास’ सुरू केला. ग्रंथालयाचं कार्ड फुकट. त्याचा नंबर टाकायचा, म्युझियम आणि तारीख निवडायची, पास मोबाइलवर हजर. काही पासांवर एकालाच प्रवेश, काहींवर दोघाचौघांना. अट एवढीच, की एका म्युझियमचा पास वर्षातून एकदाच, आणि हातात एका वेळी दोनच बुकिंग. बड्या म्युझियमच्या तारखा मात्र आपल्या तत्काळ तिकिटांसारख्या उडतात. ताईने ‘मोमा’चा दोघांचा पास मी येणार म्हणून राखून ठेवला होता.

ताई पुण्यात स्वतःच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता भरायची. लग्नानंतर क्वीन्सला गेली ती ‘डिपेंडंट’ व्हिसावर. नोकरी करायची परवानगी नाही. जिजाजी सकाळी आठला बाहेर, घराचं भाडं त्यांच्या नावावर, फोनचं बिल त्यांच्या नावावर. ‘‘भाजी आणायची तरी ह्याच्याच कार्डावर,’’ ती म्हणाली. ‘‘हा कधी काही बोलला नाही गं. मलाच लाज वाटायची.’’ लायब्ररीचं कार्ड ही तिची तिथली पहिली स्वतःची कमाई म्हणा ना. ते मिळालं त्याच आठवड्यात ती एकटी ट्रेनने म्युझियमला गेली. घाबरत घाबरत, डबा घेऊन. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी एक.

जॅक्सन हाइट्सहून ‘ई’ ट्रेन थेट ५३व्या रस्त्यावर सोडते. आत शिरल्यावर मी आपल्या टिपिकल स्टाइलने सुटले. व्हॅन गॉगची ‘स्टारी नाइट’ (तिच्यासमोर दगडूशेठला असते तशी गर्दी!), पिकासो, वॉरहॉलचे सूपचे डबे, फोटो, पुढे चला. तासाभरात दोन मजले. ताई गायब!

सापडली मोनेच्या कमळांसमोर. तीन भागांचं मिळून जवळजवळ ४२ फुटांचं चित्र. ती समोर शांत बसलेली.

‘‘अगं, अजून केवढं बाकी आहे!’’

‘‘तू बघून ये,’’ ताई म्हणाली. ‘‘मी पैसे भरले असते, तर मीही पळाले असते. वसूल करायला. आता एकच चित्र बघितलं तरी कुणाला हिशोब द्यायचा नाहीये.’’

मी बसले. खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं जाम बोअर झालं. मग पाण्याच्या निळ्यात जांभळा दिसायला लागला, तो ढग की कमळ ते कळेना.

ताईचा फोन वाजला. जिजाजी. तिने चित्रावरची नजर न हलवता उचलला.

‘‘कामात आहे रे. नंतर करते.’’