मांजरीच्या पिल्लाचे डोळे आणि शुश्रूषेचा विवेक

मागच्या व्याख्यानात करुणेची चर्चा झाली. पतंजलींनी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार वृत्ती सांगितल्या आहेत, तिथपर्यंत आपण आलो होतो. त्यानंतर एक चिठ्ठी आली. चिठ्ठीत एवढंच होतं : "सर, करुणा कळली. पण रस्त्यावरून उचलून आणलेल्या मांजरीच्या पिल्लाचे डोळे चिपडांनी चिकटलेत, त्याचं काय करू?" प्रश्न अगदी रास्त आहे. आजचं व्याख्यान त्या चिठ्ठीला दिलेलं उत्तर समजा. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर, पशुवैद्य नव्हे. पण घरात पिल्लं येत राहिली आणि जाणत्या पशुवैद्यांकडून जे शिकायला मिळालं, ते आज क्रमाने सांगतो.

आधी डोळ्याचं समजून घेऊ. मांजरीचं पिल्लू जन्मतं ते मिटलेल्या डोळ्यांनी. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान डोळे उघडतात. संसर्ग याच्या आधीही होऊ शकतो, बरं का. मग पापण्या मिटलेल्याच राहतात आणि आत पू साठतो. पापणी फुगलेली दिसते, नाकाकडच्या कोपऱ्यातून पिवळसर थेंब येतो. आपण म्हणतो, "अजून डोळे उघडायचेत." आत मात्र तो पू बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला खात असतो. काही दिवस असेच गेले, तर डोळा कायमचा जातो. म्हणजे इथे वाट पाहणं हाही एक निर्णयच आहे, आणि त्याची किंमत पिल्लू मोजतं.

डोळे उघडल्यानंतरचा आजार आपल्या अधिक ओळखीचा. डोळे लाल, आतली त्वचा सुजलेली, चिकट स्राव, सोबत शिंका. याच्या मुळाशी बहुतेक वेळा मांजरांमधला हर्पिस विषाणू असतो, कधी कॅलिसी विषाणू, कधी क्लॅमिडिया किंवा मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू. विषाणूने वाट करून दिली की इतर जिवाणू मागोमाग शिरतात. हर्पिस एकदा आला की शरीरात दबा धरून राहतो आणि ताण पडला की पुन्हा डोकं वर काढतो. क्लॅमिडियात अनेकदा आधी एक डोळा येतो, मग दुसरा. त्याला नुसतं मलम पुरत नाही, पोटात औषध द्यावं लागतं आणि तेही बरेचदा चारेक आठवडे. हे सगळं वरून सारखंच दिसतं, म्हणून मलम निवडण्याचं काम पशुवैद्याचं. आपलं काम स्वच्छतेचं, उबेचं आणि निरीक्षणाचं.

आता कृती सांगतो. पिल्लू गार असेल तर डोळ्याआधी त्याला ऊब द्या. पहिल्या काही आठवड्यांत त्याला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, पण त्याला तिच्यापासून दूर सरकता येईल एवढी जागा सोडा. आपल्याकडच्या मे महिन्यात मात्र हे उलटं. पत्र्याखाली ठेवलेलं खोकं म्हणजे भट्टीच.

पाणी उकळून झाकून कोमट होऊ द्या. अर्ध्या लिटरला पाऊण चहाचा चमचा मीठ, सपाट भरून. जास्त मीठ घातलं तर डोळा झोंबेल. मेडिकलमध्ये सलाइनची बाटली मिळते, ती असेल तर उत्तमच. घरी केलेलं पाणी रोज नवं करा. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून ऊब पाहा.

कापसाबद्दल एक गोष्ट खास वर्धेकरांसाठी. आपल्या जिल्ह्यात कापसाला काय तोटा! पण सरकी काढलेली घरची रुई इथे चालत नाही. तिच्यात नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे ती पाणी धरत नाही, आणि तंतू डोळ्यात जातात. औषधाच्या दुकानातला शोषक कापूस घ्या, किंवा मऊ गॉज.

पिल्लाला पंच्यात गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. ओला बोळा मिटलेल्या डोळ्यावर दोन-तीन मिनिटं नुसता ठेवा. घासू नका. खपली आपोआप मऊ होते. मग नाकाकडून बाहेरच्या दिशेला हलकेच पुसा. एक बोळा एकदाच वापरायचा, आणि दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा. नाहीतर आपणच आजार या डोळ्यातून त्या डोळ्यात नेतो. शेक दिल्यावर पापण्या सैल झाल्या तर बोटाने अगदी अलगद वेगळ्या होतात. नाही झाल्या तर थोड्या वेळाने पुन्हा शेक द्या. तरीही नाही झाल्या, तर ओढाताण नको, नख नको, त्याच दिवशी दवाखाना. पुसून झाल्यावर तोंड कोरडं करा, ओलं पिल्लू लगेच गारठतं.

पशुवैद्याने मलम दिलं असेल तर खालची पापणी थोडी खाली करून आत बारीक रेघ सोडायची. नळीचं टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. अश्रूंबरोबर औषध वाहून जातं, म्हणून ते दिवसातून अनेकदा घालावं लागतं. सांगितले तेवढे दिवस पूर्ण करा. "बरं दिसतंय" म्हणून मध्येच सोडलं की आजार परत फिरतो.

आता काय करू नये, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं. घरात उरलेले माणसांचे थेंब घालू नका. बाजारातल्या पुष्कळ थेंबांत प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने लाली झटकन उतरते आणि आपल्याला वाटतं, गुण आला. पण बुबुळावर जखम असेल किंवा हर्पिस असेल, तर त्याच थेंबाने जखम खोल जाते आणि डोळा फुटूही शकतो. जखम आहे की नाही हे साध्या नजरेला नेहमी दिसत नाही. पशुवैद्य डोळ्यात एक नारिंगी रंग घालून पाहतात, जखमेची जागा हिरवी चमकते. तसंच काजळ, मध, गुलाबजल, तुरटी, दूध यांतलं काहीही नको. डेटॉलसारखी जंतुनाशकं मांजराला विषारी असतात. आणि ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही. त्याच्या छोट्याशा तुकड्यानेही मांजर मरू शकतं.

डोळ्यांसोबत नाकही चोंदलेलं असतं हे विसरू नका. मांजर वासावर खातं. वास गेला की खाणं थांबतं, आणि एवढ्याशा जिवाला एक दिवसाचा उपासही झेपत नाही. नाक पुसून मोकळं ठेवा. गाईचं दूध पाजलं तर जुलाब लागतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर मिळते, ती पालथ्या पिल्लालाच पाजावी, उताणं करून नव्हे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. लहान पिल्लू दिवसाला साधारण दहा ते पंधरा ग्रॅम वाढतं. वजन थांबलं किंवा घटलं, तर डोळा स्वच्छ दिसत असला तरी काहीतरी बिघडलंय. घरातल्या इतर मांजरांपासून त्याला वेगळं ठेवा, प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जा. आणि एक : आई जवळपास असेल तर पिल्लू उचलून आणण्याची घाई नको.

आता विवेकाचा प्रश्न. घरचा उपचार कुठे थांबवायचा? सेवाग्रामला आलेल्या माणसाला परचुरेकुटी दाखवतात. कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी तिथे स्वतः धूत असत. शुश्रूषा म्हणजे हे : रोज, ठरल्या वेळी, न किळसता. पण निसर्गोपचारावर एवढी श्रद्धा असलेल्या याच माणसाने जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली. श्रद्धेलाही आपली हद्द ओळखावी लागते.

आपली हद्द अशी : बुबुळ निळसर किंवा पांढरं दिसलं, ज्याला आपण फूल पडणं म्हणतो ते. डोळा पुढे आला. पिल्लू दुखण्याने डोळा उघडतच नाही. तोंड उघडून श्वास घेतंय, दूध घेत नाही. यांतलं एकही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य. आणि नुसता स्राव असेल, पण एक-दोन दिवसांच्या स्वच्छतेने कमी होत नसेल, तरीही तेच. आपल्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गर्दी गाई-बैल-शेळ्यांची असते, तिथे मांजराचं पिल्लू घेऊन जाताना लोक संकोचतात. संकोच करू नका. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार लांब नाही. राज्यघटनेच्या ५१-क कलमाने प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे कर्तव्य सांगताना जनावराचा आकार विचारलेला नाही.

शेवटचा प्रश्न जरा अवघड. सगळं करूनही दोन्ही डोळे गेले तर? लोक सांगतात, "असं जगण्यापेक्षा सुई दिलेली बरी", आणि दाखला देतात १९२८ सालचा, साबरमतीच्या वासराचा. तो दाखला नीट वाचायला हवा. त्या वासराला असह्य वेदना होत्या, वाचण्याची आशा नव्हती, त्याची सेवाही करता येत नव्हती. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर गांधीजींनी तो निर्णय घेतला, आणि त्यावर झालेली कडक टीकाही सोसली. आंधळ्या मांजराच्या बाबतीत यांतलं काय लागू होतं? निकामी डोळा दुखत असेल तर तो शस्त्रक्रियेने काढता येतो आणि वेदना संपते. कान, नाक आणि मिशा शाबूत असतात. घरातलं सामान जागच्या जागी राहिलं, तर आंधळं मांजर घरात सुखाने वावरतं, खेळतं, उडीही मारतं. दृष्टी नसणं आणि असह्य वेदना असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिल्लाला नको झालेलं जगणं कोणतं आणि आपल्याला पाहवत नाही ते कोणतं, एवढं तपासून मगच निर्णय घ्यावा.

चिठ्ठी पाठवणाऱ्यांना एवढंच सांगतो : हे ऐकून झालं की पाणी उकळायला ठेवा, आणि उद्या सकाळी दवाखाना उघडायच्या वेळी दारात असा.