आजोबांची अंगठी

आजोबांच्या चांदीच्या अंगठीवर त्यांचं नाव उर्दूत उलटं कोरलेलं होतं. ती मोहोर होती. लाखेवर दाबली की नाव सुलट उमटे. लहानपणी मी ते आरशात वाचायचो. पुढे अंगठी काळी पडली म्हणून मशीनवर पॉलिश करून आणली. चांदी झळाळली, पण अर्धी अक्षरं झिजून गेली.

पुरुषांना सोनं वर्ज्य, चांदीची अंगठी चालते. म्हणून आपल्या घरांत जुन्या अंगठ्या सापडतात त्या बहुधा चांदीच्या, अकीक किंवा फिरोजा बसवलेल्या.

जुनी अंगठी विकत घेताना आतली बाजू पाहा. खरोखर वापरलेली अंगठी आतून गुळगुळीत, कडेला झिजलेली असते आणि काळेपणा खाचांत असतो. सगळीकडे सारखीच काळी दिसली तर शंका घ्या. अकीक तापवून लाल केलेला असेल तर ती फसवणूक नव्हे. खंबातच्या कारागिरांची ती जुनी रीत आहे.

घरी मऊ सुती कापडाने पुसणं पुरे. टूथपेस्ट, लिंबू नको. फिरोजा सच्छिद्र असतो. तेल, साबण, अत्तराने त्याचा रंग बिघडतो. वुजूआधी ती अंगठी काढून ठेवा. आणि खाचांतला काळेपणा राहू द्या. त्यामुळेच नाव वाचता येतं.