वेगळ्या राज्याचा जमाखर्च

फुटीरतेच्या चळवळींचे अभ्यासक भाषा आणि अस्मिता यांच्या चर्चेत इतके रमतात, की जमाखर्चाकडे त्यांचे लक्षच जात नाही. राष्ट्रापासून फुटणे निराळे आणि राज्यापासून विभक्त होणे निराळे, हे खरे. पण जमाखर्च दोहोंतही असतोच. भिवंडीच्या पद्मानगरातील पद्मशाली विणकरांचा मूळ मुलूख तेलंगण. आपली महसुली शिल्लक आपल्याच भागात खर्च होईल, या १९५६ च्या कराराच्या भरवशावर तो आंध्रात सामील झाला. शिल्लक इतरत्र वळली, नोकऱ्याही गेल्या, या तक्रारींवरून १९६९ चे आंदोलन पेटले. राज्य वेगळे व्हायला मात्र २०१४ साल उजाडले.

विदर्भालाही १९५३ च्या नागपूर कराराने लोकसंख्येच्या प्रमाणात निधीची हमी दिली होती. फाजल अली आयोगाने तर १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारसच केली. दांडेकर समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये काढला. त्यात विदर्भाचा वाटा जवळजवळ ३९ टक्के. तरीही विदर्भ महाराष्ट्रातच राहिला. याचे एक मोठे कारण नकाशावरच दिसते. तेलंगणाची तिजोरी भरणारे हैदराबाद त्याच्याच हद्दीत होते. महाराष्ट्राची तिजोरी भरणारी मुंबई राज्याच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि वेगळे होणाऱ्या विदर्भाला ती सोबत नेता येत नाही.