उणे साठ टक्क्यांचं धरण

जुलैत माढ्यात ऊन असतं आणि टपरीवर ज्याच्या त्याच्या मोबाईलात उजनी धरणात येणारा दौंडचा विसर्ग. "किती आलं?" एवढंच विचारतात. काय आलं, हे सांगावं लागत नाही. पाऊस पडतो सह्याद्रीत आणि हिशेब चालतो इथं.

उजनी 117 टीएमसीचं धरण. एक टीएमसी म्हणजे 2831 कोटी लिटर. गुणाकाराच्या नादी लागू नका, वाटून बघा. जगातल्या आठशे कोटी माणसांना सारखं वाटलं तर माणशी चारशे लिटर, म्हणजे दोन पिंपं काठोकाठ. नुसत्या माढा तालुक्याला दिलं, तर 2011 च्या जनगणनेतल्या सव्वातीन लाख माणसांना प्रत्येकी एक कोटी लिटर. रोज 135 लिटर वापरलं तरी दोनशे वर्षं सरायचं नाही.

मग उन्हाळ्यात बोंब कशाची? उसाची. एकरभर रानावर इंचभर पाऊस झाला की लाखभर लिटर पाणी होतं. इथला पाऊस वर्षाला वीस-बावीस इंच, आणि उसाची तहान ऐंशीच्या घरात. तूट साठ लाख लिटरची, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या सहाशे खेपा. तेही एका एकराला! टँकरनं कोण ऊस पिकवतो म्हणा, ते काम कालव्याचं आणि सीना-माढा उपसा योजनेचं.

खरी गंमत टक्क्यांत आहे. टक्के मोजतात ते 53.57 टीएमसी उपयुक्त साठ्यावर. त्याखालचा मृतसाठा त्याहून मोठा, 63 टीएमसीच्या वर. म्हणजे उजनी 'शून्य टक्के' असते, तेव्हाही तिच्यात पुण्याच्या खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चारही भरलेल्या धरणांच्या दुपटीहून जास्त पाणी असतं. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे साठच्या आसपास गेली. तरी उरलं एकतीस टीएमसी. पुण्याची चारही धरणं मिळून 29. अर्थात हे कागदावरचं. त्यात गाळ किती, हा हिशेब वेगळा.

दौंडहून एक लाख क्युसेकनं दिवसरात्र पाणी आलं तर चोवीस तासांत 8.64 टीएमसी जमा होतं. उणे साठवरून शून्यावर यायला असे जवळजवळ चार दिवस लागतात. पाचव्या दिवशी टपरीवरचा प्रश्न बदलतो: "कॅनॉल कधी सुटणार?"