रिपोर्टमधली ‘गाठ’

पोटात दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टमध्ये शब्द दिसला, ‘पॅराट्युबल सिस्ट’. तुम्ही घरी पोहोचेपर्यंत गुगल करून अर्ध्या रडवेल्या झालेल्या असता. आई ‘गाठ’ म्हटल्यावरच हबकते आणि आजीचा थेट प्रश्न, ‘हिला पुढे मूलबाळ होईल ना?’

जरा थांबा. आधी ही गाठ कसली ते बघू या.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजवाहिनी असते. तिच्या शेजारी पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पातळ पिशवी म्हणजे ही सिस्ट. ती येते कुठून? आईच्या पोटात असताना प्रत्येक गर्भात सुरुवातीला स्त्री आणि पुरुष अशा दोन्ही प्रकारच्या अवयवांच्या नळ्या असतात. मुलीमध्ये पुरुषी नळ्या विरून जातात, पण त्यांचा एखादा तुकडा मागे उरतो. काही वेळा अशा उरलेल्या तुकड्यात पुढे पाणी साचतं. म्हणजे तुमच्या वडापावचा किंवा जागरणांचा यात काही दोष नाही!

पीसीओएसशीही तिची गल्लत करू नका. ती हार्मोन्सची भानगड आहे, त्यात पाळी अनियमित होते. पॅराट्युबल सिस्ट अंडाशयाच्या बाहेर असते आणि तिचा पाळीच्या चक्राशी संबंध नसतो. म्हणूनच अंडाशयातल्या काही गाठी दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात तशी ही सहसा जिरत नाही. गुपचूप तिथेच राहते. छोटी असेल तर त्रासही देत नाही. कॅन्सर निघण्याची शक्यता फार कमी आणि आजीच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘हो, होईल’ असंच असतं.

लहान, साध्या सिस्टवर डॉक्टर फक्त लक्ष ठेवतात. ती मोठी असेल, वाढत असेल किंवा सोनोग्राफीत आत घट्ट भाग दिसला, तर दुर्बिणीतून काढतात. बीजवाहिनी आणि अंडाशय वाचवण्याचाच प्रयत्न असतो.

मात्र एका बाबतीत हयगय नको. मोठ्या सिस्टमुळे कधी कधी बीजवाहिनीला पीळ पडतो आणि तिचा रक्तपुरवठा तुटतो. ओटीपोटात एका बाजूला अचानक जीवघेणी कळ येते, मळमळतं, उलट्या होतात. होस्टेलवर अशा वेळी ‘पाळीचं असेल, हॉटबॅग घे’ म्हणून रात्र काढली जाते. तसं करू नका. उद्या पेपर असला तरी त्याच रात्री कॅज्युअल्टी गाठा. इथे तासांचा हिशेब असतो, उशीर झाला तर बीजवाहिनी गमवावी लागू शकते.

एरवी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा: गाठ नेमकी कुठे आहे, किती सेंटिमीटरची आहे आणि पुढची सोनोग्राफी कधी करायची? उत्तरं फाइलवर लिहून घ्या. ‘लग्नाच्या मुलीचं कशाला बोलायचं’ असं कोणी म्हणालं, तर तीच फाइल त्यांच्यासमोर ठेवा.