नकाशा एक, संघ अनेक

बेंगळुरूच्या तुमकूर रस्त्यालगत पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात कन्नड, तमिळ, हिंदी, ओडिया अशा कितीतरी भाषा कानी पडतात. सीमाभागातून आलेल्या कामगारांची मराठीही त्यांत असते. यांपैकी एखाद्याचा मुलगा उद्या उत्तम क्रिकेट खेळू लागला, तर तो कोणाचा खेळाडू मानावा? आई-वडिलांच्या गावाचा, की त्यांच्या कर्मभूमीचा? खेळातील प्रतिनिधित्व नकाशावरील सीमांवरून ठरते, असे आपण गृहीत धरतो. ते गृहीतक तपासून पाहायला हवे.

वेल्सचे उदाहरण बोलके आहे. सुमारे ३१ लाख लोकसंख्येचा हा प्रदेश सार्वभौम राष्ट्र नाही. तरीही १८७६ मध्ये स्थापन झालेल्या त्याच्या फुटबॉल संघटनेचा संघ १९५८ च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला आणि पेलेच्या एकमेव गोलामुळे ब्राझीलकडून हरला. रग्बी संघटना १८८१ ची. या दोन्ही खेळांत वेल्स स्वतःच्या नावाने उतरतो. क्रिकेटमध्ये मात्र वेल्श खेळाडूला कसोटी खेळायची तर इंग्लंडकडूनच खेळावे लागते. १९७२-७३ मध्ये अजित वाडेकरांच्या संघाविरुद्ध भारतात आलेल्या इंग्लंडचा कर्णधार टोनी लुईस वेल्शच होता.

या विसंगतीचे कारण इतिहासात आहे. १९०४ मध्ये ‘फिफा’ जन्मली, तेव्हा वेल्सची फुटबॉल संघटना जवळपास तीन दशकांची झाली होती. क्रिकेटमध्ये ग्लॅमॉर्गन १९२१ साली इंग्लिश कौंटी स्पर्धेत सामील झाला आणि वेल्श गुणवत्तेची वाट तिथूनच ठरली. आज वेगळे व्हायचे, तर कसोटी दर्जा, कार्डिफमधील मोठे सामने आणि त्यांतून येणारा पैसा पणाला लावावा लागेल. अस्मितेला हिशेबाची वही असतेच.

आपल्याकडे चित्र उलटे आहे. महाराष्ट्र राज्य एक. रणजी संघ मात्र मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन. लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ सुचवले आणि जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. जानेवारी २०१८ मध्ये विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने आपला निर्णय बदलून तिन्ही संघटनांचे पूर्ण सदस्यत्व कायम राखले. रेल्वे आणि सेनादलांनाही ते परत मिळाले. मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात मुंबई आणि विदर्भ हेच आमनेसामने होते.

रेल्वे आणि सेनादले कोणत्याही प्रदेशाची नाहीत. ती नोकरीच्या नात्याने बांधलेली आहेत. बेंगळुरूत हिंदुस्थान एरोनॉटिक्ससारख्या सार्वजनिक उपक्रमांनीही फुटबॉलचे संघ पोसले. पीण्यातील छोट्या कारखान्याला ते परवडणारे नाही. तेथील कंत्राटी कामगारामागे ना गावाकडची संघटना उभी असते, ना मालकाचा संघ.

म्हणून एका राज्याला किती संघ असावेत, हा वाद दुय्यम आहे. वेल्स असो वा विदर्भ, ज्यांची संघटना आधी उभी राहिली त्यांना ओळख मिळाली. ज्यांची संघटनाच नाही, त्यांच्या मुलांसाठी निवड चाचणीचे दार कोण उघडणार, हा खरा धोरणाचा प्रश्न आहे.